दोनशे दहा

प्रिय धाकट्या,

फोन करता आला असता. पण फोनवर मला चार वाक्यांच्या पुढे जाता येत नाही, आणि तू नुसता 'हं, हं' करत ऐकतोस. पलीकडे माणूस आहे की पंखा फिरतोय ते कळत नाही. म्हणून लिहिते आहे. लांबेल बहुतेक. मधेच बाजूला ठेवू नकोस, बसून सगळं वाच.

दादाला जाऊन सात महिने झाले. त्या दिवशी तू आलास, सगळं होईपर्यंत थांबलास, कोणाशी बोलला नाहीस. निघताना दाराशी मला एकच विचारलंस, "शेवटपर्यंत कबूल केलं नाही ना त्याने?" मी नाही म्हणून मान हलवली. तू चपला घातल्यास आणि गेलास. तेव्हा मला तुझा राग आला होता. माणूस जाऊन दिवसही उलटला नाही आणि याला नऊ वर्षांपूर्वीचा पंप आठवतोय, असं वाटलं. आता राग नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं आहे. ते सांगणारच आहे, पण माझ्या पद्धतीने, क्रमाने.

आधी इथली खबर. वर्कशॉप मी बंद केलेलं नाही. सगळ्यांनी समजावून सांगितलं. शेजारचा वेल्डर तर दर शनिवारी येऊन समजावायचा. तिसऱ्या शनिवारी त्याला म्हटलं, "आलाच आहात तर हे इंजिन जरा टेबलावर चढवायला हात लावा." तेव्हापासून तो समजावत नाही, हात लावतो. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. घरात बसून काय करायचं होतं? सकाळी साडेनऊला शटर वर करते, संध्याकाळी सहाला खाली. बाईमाणूस बघून गिऱ्हाईक आधी आत डोकावतं, "साहेब कुठे आहेत?" विचारतं. "साहेब नाहीत, काम बोला," म्हणते. अर्धे जातात, अर्धे बोलतात. जे बोलतात ते परत येतात.

दादाने शेवटचं एक काम घेतलं होतं, ते अर्धं पडलं होतं. शाळेच्या अकरा बस चालवणारा एक माणूस आहे, त्याला बस धुवायला पाण्याच्या फवाऱ्याचं मशीन हवं होतं. इंजिनवरचं, कारण त्याच्या आवारात वीज पुरेशी नाही. इंजिन दादाने आणून ठेवलं होतं, तेरा घोड्यांच्या ताकदीचं, आडव्या शाफ्टचं, अजून खोक्यातच. पंप निवडायचा राहिला होता. बसवाला आला आणि भीत भीत म्हणाला, "वहिनी, इंजिन परत करून टाकूया का?" मी म्हटलं, महिनाभर द्या.

आता तू हसशील. मला पंपातलं काय कळतं? पण तीस वर्षं तुम्हा दोघा भावांच्या मधे बसून जेवले आहे मी. तुम्ही दुसरं बोललात कधी? भाजीत मीठ जास्त पडलं तरी तुम्हाला पत्ता नसायचा, पण कुठल्या गॅरेजातल्या पंपाचं सील गेलं ते ठाऊक असायचं. दाब गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले दोनशे ऐंशी, येतील तेवढे घोडे. पाढ्यासारखं पाठ झालं आहे मला. लहानपणी तू हेच गाण्याच्या चालीत म्हणायचास आणि दादा तुला पान्हा घेऊन मारायला धावायचा.

बसवाल्याला तीस लिटरचा पंप हवा होता. कोणाकडे तरी त्याने पाहिला होता. मी त्याच्यासमोर कागदावर गणित मांडलं. एकशे सत्तरचा दाब, तीस लिटर, म्हणजे अठरा घोडे. आपल्याकडे तेरा. म्हटलं, नाकापेक्षा मोती जड होईल, फवाऱ्याची बंदूक दाबलीत की इंजिन धापा टाकेल आणि बसेल. मग उलटं गणित केलं. तेरा गुणिले दोनशे ऐंशी, भागिले एकशे सत्तर. एकवीस आणि वर थोडं. एकवीस लिटर. तो म्हणाला, "एकवीसने बस धुतली जाते?" मी म्हटलं, बस धुतली जाते, रंग निघत नाही. तुम्हाला दोन्ही हवंय का? हसला बिचारा.

मग फेऱ्यांचं. एकवीस लिटरचा चांगला पंप मिनिटाला चौदाशे पन्नास फेऱ्यांचा असतो, आणि इंजिन पळतं तीन हजारांच्या वर. थेट जोडला तर पंप आठवड्यात रडायला लागतो. दादा गिऱ्हाइकांना काय सांगायचा आठवतं? "मुलगा तापट, मुलगी सावकाश. मधे एक समजूतदार मावशी पाहिजे, म्हणजे संसार टिकतो." वेग कमी करणाऱ्या त्या गिअरच्या पेटीला आपल्याकडे कोणी दुसऱ्या नावाने हाकच मारली नाही. मी दुकानात फोन करून सवयीने "सव्वादोनच्या आसपासची मावशी आहे का?" असं विचारलं, तर पलीकडून, "कोणाची मावशी?" दोन पूर्णांक दोनची मिळाली. इंजिन बत्तीसशेवर बांधलं की पंपाला चौदाशे चोपन्न मिळतात. चार फेऱ्या जास्त. तेवढं चालतं.

इंजिनच्या शाफ्टवर मात्र मी फसणार होते. मापलं तर पंचवीस मिलिमीटर आणि वर थोडं. मी पंचवीस लिहून मोकळी होणार होते. मग दादाचा तो आरडाओरडा आठवला, तू पहिल्याच वर्षी शाफ्टला जोडायची पंचवीसची कपलिंग आणून हातोड्याने ठोकत बसला होतास तेव्हाचा. "एक इंच आहे तो, गाढवा! पंचवीस पूर्णांक चार! हे चार काय तुझा सासरा देणार?" तुझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. मी पुन्हा व्हर्निअर लावला, दादाचा जाड चष्मा घातला, आणि एक इंच लिहिलं.

आता तो दिवस. तुझ्याशी मी त्याबद्दल कधी बोलले नाही. आज लिहिते, कारण मला जेवढं माहीत होतं ते एकदा नीट मांडायला हवं.

तो पंप जुना होता, दादाने उघडून नव्याने बांधलेला. त्यावरची आकड्यांची पट्टी झिजलेली होती, त्यामुळे तो किती दाब सोसेल हे फक्त दादाला माहीत होतं. दोनशे दहा. बारा लिटरचा पंप, आणि गिऱ्हाइकाने स्वतःचंच दिलेलं तेराचं इंजिन. दादाला बाहेर जायचं होतं. रोज तो आकडे फळ्यावर खडूने लिहून जायचा, त्या दिवशी चिठ्ठी ठेवून गेला. तू आलास, चिठ्ठी वाचलीस, बारीक भोकाचा नोझल लावलास, दाबाचा स्क्रू आवळत दोनशे नव्वदवर आणलास आणि बंदूक सोडलीस. पंपाच्या डोक्यावरची पितळेची टोपी उडाली आणि तुझं उजवं मनगट मोडून गेली. अजूनही ते पूर्ण वळत नाही, हे मी दादा गेला त्या दिवशी तुला दाराची कडी उघडताना पाहिलं.

प्लॅस्टरमधला हात घेऊन तू वर्कशॉपमध्ये आलास तेव्हा जे झालं, ते अर्ध्या गल्लीने ऐकलं. तू म्हणालास, चिठ्ठीत दोनशे नव्वद होतं. दादा म्हणाला, दोनशे दहा होतं. चिठ्ठी दाखव म्हणाला, तर तू शर्टाच्या खिशातून भिजून सुकलेला कागदाचा गोळा काढून टेबलावर ठेवलास. दादा म्हणाला, "गिऱ्हाइकापुढे जोर दाखवायला स्क्रू आवळलास आणि आता माझ्यावर ढकलतोस?" तू म्हणालास, "माझा हात गेला तरी तुझं नाक वरच ना?" एकाच घरात वाढलेली माणसं. कुठे मारलं की लागतं ते दोघांनाही बरोबर ठाऊक होतं. महिन्याभराने तू दुसऱ्या गावी कारखान्यात लागलास. तुझ्या दोन्ही मुलींचे फोटो मला मिळत गेले, दादाला मी दाखवत गेले. तो बघायचा, "मोठी आमच्या आईवर गेलीय," म्हणायचा आणि उठून जायचा.

आणि हेही लिहून टाकते. त्याच्याइतकाच मीही तुला खोटारडा समजत होते. चिठ्ठीत दोनशे दहाच होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. तू अकरा वर्षांचा होतास तेव्हा मी या घरात आले. तुझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घातली, तुला ताप आला की उशाशी बसले. तो मुलगा तोंडावर खोटं बोलतो याचं मला दुखणंच लागलं होतं. तुला बोलून दाखवलं नाही, पण तुला ते जाणवलं असणार. नाहीतर माझ्या पत्रांना तू दोन ओळींची उत्तरं दिली नसतीस.

तर गेल्या महिन्यात मी पंपासाठी फोन केला. पंपवाला चांगला माणूस आहे, दादाला ओळखायचा. एकशे सत्तरचा दाब ऐकून घेतला, इंजिन तेराचं हेही ऐकलं, आणि तेवढ्यात त्याच्या दुकानात कोणीतरी ग्राइंडर चालू केला. "ताई, लिटर किती ते कागदावर लिहून फोटो पाठवा, काही ऐकू येत नाहीये." मी एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात 'लिटर २१' असं लिहिलं आणि पाठवलं. पाच मिनिटांत त्याचा फोन.

"ताई, रागावू नका, पण हे जमणार नाही. तेरा घोडे एकोणतीस लिटर ओढत नाहीत. सतरा-अठरा पाहिजेत."

मी म्हटलं, एकोणतीस नाही, एकवीस.

"कागद माझ्या डोळ्यांसमोर आहे, ताई. दोन आणि नऊ."

"अहो, मी माझ्या हाताने लिहिलंय. दोन आणि एक!"

"मग मला चष्मा लागला म्हणायचा." त्याने फोटो पुन्हा नीट पाहिला असणार. मग एकदम मोठ्याने हसला. "ताई, तुम्ही मराठी आकडा घातलाय होय! हात्तिच्या! आम्ही सगळं इंग्रजीत वाचतो. तुमचा एक म्हणजे आमचा नऊच की!" पंप एकवीसचा पाठवतो म्हणाला आणि फोन ठेवला. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

मी तो कागद हातात घेऊन इंजिनच्या रिकाम्या खोक्यावर बसले. 'लिटर' या शब्दाखाली मी २१० लिहिलं. त्याच्या शेजारी, तुम्ही लिहिता तसं, 290 लिहिलं. मग कागद हात लांब करून धरला. धाकट्या, मला दोन्हींत फरक दिसेना. दोन तोच, शून्य तेच, आणि मधला माझा एक म्हणजे तुमचा नऊ. मग मी वेड्यासारखे दुसरे आकडे लिहून पाहिले. १५०, १७०, १८०, २६०. एकही फसवत नाही. पाच आला, सहा आला, आठ आला की लगेच कळतं हे मराठी आहे. फसवायला दोन, तीन, शून्य असेच दोन्हीकडे सारखे दिसणारे आकडे हवेत आणि त्यांच्या मधे एक. शंभर पंपांत एखाद्याच पंपाचा असला आकडा निघायचा, आणि तो त्याच दिवशी निघाला.

मग मी गणितही करून पाहिलं. तू तेव्हा ते केलं असणारच, न करता स्क्रूला हात लावणारा तू नाहीस. दोनशे नव्वद गुणिले बारा, भागिले दोनशे ऐंशी. साडेबाराच्या आत. इंजिन तेराचं. म्हणजे गणित तुला 'बरोबर आहे' म्हणालं. माझ्या पंपवाल्याला ते 'चूक आहे' म्हणालं, कारण मी इंजिन आणि पंप मापाला माप बसवले होते, जागा उरलीच नव्हती. तुझ्या वेळी पंपापेक्षा इंजिन मोठं होतं. ते लहान असतं तर दोनशे तीस-चाळीसवरच गुदमरून बंद पडलं असतं, तू शिव्या घालत पुन्हा चिठ्ठी पाहिली असतीस, आणि दादा येईपर्यंत थांबला असतास. जादा ताकदीचं इंजिन कुरकुरत नाही, एवढंच तुझं नशीब वाईट. तू खोटं बोलला नाहीस. तोही बोलला नाही. तू वाचलंस ते खरं होतं, आणि त्याने सांगितलं ते खरं होतं.

मशीन मागच्या मंगळवारी चालू केलं. पाणी आधी सोडलं, बंदूक दाबून हवा काढली, मग दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला लागलं. खांदा अजून दुखतो आहे. सात नंबरचा नोझल, काटा एकशे सत्तरवर येऊन थांबला आणि बंदूक सोडली-धरली तरी इंजिनचा आवाज फारसा बदलला नाही. बसवाल्याने एक बस तिथेच धुऊन पाहिली. पिवळ्या रंगाची बस आहे हे मला तेव्हा कळलं. आता त्याच्या ओळखीच्या एका माणसाला डुकरांची शेड धुवायला मशीन हवं आहे. त्याच्याकडे साडेसहाचं इंजिन पडून आहे. आकडे मांडायला घेतले आहेत, इंग्रजीत. वेल्डर म्हणतो, "वहिनी, आता तुम्हीच दुकानाच्या पाटीवर चढा." मला जमतंय हे काम. चांगलं जमतंय. त्यामुळे तू परत ये, दुकान सांभाळ, असं म्हणायला हे पत्र नाही. तुझी नोकरी, तुझं घर तिथे आहे. तू तिथेच बरा आहेस.

पत्र आहे ते यासाठी. ती चिठ्ठी दादाने लिहिली नव्हती. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि मी त्याचा डबा घेऊन आले होते. त्याचे हात कोपरापर्यंत तेलात होते, फळ्यावर आदल्या दिवसाचं काम तसंच होतं, आणि त्याला घाई होती. "धाकट्यासाठी एक आकडा लिहून ठेव गं," म्हणाला. त्याने दोनशे दहा सांगितलं, मी २१० लिहिलं. शाळेच्या हजेरीपटावर पंचवीस वर्षं लिहीत आले तसंच. तुम्ही भांडत होतात तेव्हा मी दारात उभी होते. तू ओरडलास, "कोणी लिहिलं हे?" दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी लिहिलं." मला वाटलं, भांडणात माझं नाव नको म्हणून म्हणतो आहे, आणि मी गप्प राहिले. आकडा बरोबर होता, मग लिहिणारा हात कोणाचा याने काय फरक पडतो, असं मी स्वतःला नऊ वर्षं सांगत आले. तेवढ्यानेच फरक पडत होता. मी तेव्हा पुढे येऊन "मी लिहिलं" म्हटलं असतं, तर तू म्हणाला असतास, "वहिनी, तू मराठी आकडे घालतेस ना?" आणि आपण तिघं तिथेच डोक्याला हात लावून बसलो असतो. तू विचारलंस, त्याने कबूल केलं नाही ना. त्याच्याजवळ कबूल करायला काही नव्हतंच. त्याने फक्त माझा हात स्वतःचा म्हणून सांगितला, आणि त्यापायी तुला गमावलं. त्याच्यावरचा राग आता सोड. माझ्यावर धरायचा असेल तर धर, पण इथे येऊन, माझ्यासमोर बसून धर. मी दारात उभी राहणार नाही, बोलेन.

तुझीच,
वहिनी